आपला पेपर आपणच काढायचा!

सबमिशनच्या आठवड्यात गर्ल्स हॉस्टेलच्या जिन्यावर कुणी सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली दिसली, की बघणाऱ्याला दोनच शंका येतात. एक तर हिच्या ताईला बाळ होणार असावं, नाहीतर हिचं डोकं फिरलं असावं! माझ्या बाबतीत कारण तिसरंच होतं, आणि ते सांगितल्यावर दुसरी शंका पक्की झाली. "इंजिनिअरिंग झाल्यावर मला निटवेअर डिझाइनमध्ये मास्टर्स करायचंय," असं मी म्हटलं. रूममेटने मॅगीचा चमचा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे चार वर्षं थर्मो शिकून स्वेटर विणणार?"

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर. जरा लांबलंय, पण प्रश्नही साधा नव्हता.

आधी एक कबुली. माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी लपंडाव खेळतात. संपादक मंडळाने चुका पोटात घालाव्यात. पण विणकाम मला त्याच शाळेनं दिलं. आठवड्यातून एक तास 'नीडलवर्क'. सिस्टर सुलट टाका, उलट टाका शिकवायच्या. टाका चुकला तर रागवायच्या नाहीत, फक्त चुकलेल्या टाक्यापर्यंत सगळं उसवायला लावायच्या. डीबगिंग म्हणजे काय, हे मी सी लँग्वेजच्या आधी तिथे शिकले.

मराठीत विणण्याच्या बाबतीत एक गंमत आहे. मागावर साडी विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, खाट विणतात आणि टोपलीही विणतात. शब्द एकच! पण इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघितलं तर मागावरचं कापड आणि सुयांवरचं कापड ही दोन वेगळी स्ट्रक्चर्स आहेत. मागावर उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात अडकतात. म्हणून चादर ओढली तरी फारशी ताणत नाही. सुयांवर मात्र एकच धागा असतो आणि तो फासातून फास काढत पुढे जातो. स्वेटर ओढला की धागा लांब होत नाही, फासांचा आकार बदलतो. सोडला की आकार पुन्हा जागेवर. आपले टी-शर्ट, बनियन, मोजे, गुडघ्याचा नी-कॅप, सगळे या दुसऱ्या जातीचे. इतकंच काय, गावाकडे रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी शेडनेटसुद्धा बहुतेक वेळा मशीनवर 'निट' केलेलीच असते. म्हणजे बायकांचा टाइमपास म्हणून आपण ज्याला हसतो, त्याच्या सावलीत आपली रोपं वाढतात.

आणि हे काम यंत्रावर फार लवकर गेलं. १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या काल्व्हर्टन गावी विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणायचं यंत्र बनवलं. वाफेच्या इंजिनाच्या शंभराहून अधिक वर्षं आधी! हाताने मोजे विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे १८११ मध्ये त्याच भागात कामगारांनी विणायची यंत्रं फोडायला सुरुवात केली. इतिहासाच्या पुस्तकात 'लडाइट' म्हणून एका ओळीत येतात, ते हेच लोक. १८१२ मध्ये तर यंत्र फोडणाऱ्याला मृत्युदंड देणारा कायदा झाला. एवढं रामायण झालं ते मोज्यांवरून!

जपानमध्ये १९६२ साली मासाहिरो शिमा यांनी शिमा सेकी कंपनी काढली. त्यांची सुरुवात कामगारांचे हातमोजे आपोआप विणण्यापासून झाली. १९९५ मध्ये याच कंपनीने अख्खा स्वेटर एकही शिवण न घालता मशीनमधून तयार काढून दाखवला. कापणं नाही, शिवणं नाही, चिंध्या नाहीत. त्या मशीनला जे डिझाइन देतात तो एक प्रोग्रॅमच असतो. प्रत्येक ओळीत प्रत्येक सुईला सांगायचं, की टाका विण, धरून ठेव, की सोडून दे. तेव्हा रूममेटला माझं उत्तर असं, की थर्मो कदाचित वाया जाईल, पण टीओएम, एसओएम आणि कॅड-कॅम वाया जाणार नाही.

आता मुद्द्यावर येते. विल्यम लीच्या त्याच नॉटिंगहॅममध्ये आज नॉटिंगहॅम ट्रेंट युनिव्हर्सिटीत फॅशन निटवेअर डिझाइनमध्ये एम.ए. करता येतं. या विद्यापीठाची मुळं १८४३ च्या सरकारी डिझाइन स्कूलपर्यंत जातात. अशा पदव्यांची माहिती वाचताना दोन शब्द पुन:पुन्हा येतात, 'फ्लेक्झिबल' आणि 'सेल्फ-डायरेक्टेड'. एक म्हणजे लवचिक. दुसरा म्हणजे आपली दिशा आपणच ठरवायची. सिलॅबसचं जाडजूड पुस्तक नाही. तुम्हाला काय शोधायचंय ते तुम्ही लिहून द्यायचं, शिक्षकांशी चर्चा करायची, आणि मशीनवर बसून ते शोधायचं. हे ऐकल्यावर आमच्या मजल्यावर एकच जल्लोष झाला. "लेक्चर नाही? अटेंडन्स नाही? प्रश्नपत्रिकाच नाही? अगं, आम्हालाही घेऊन चल!"

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण हे दोन शब्द एकच समजतो. ते एक नाहीत. आणि दुसरा शब्द आपल्याला वाटतो तितका सोपा तर मुळीच नाही.

लवचिक शिक्षण ही काही साहेबाची देणगी नव्हे. माझं गाव पाथर्डी. माझ्या गावाला लोक मोहट्याच्या देवीमुळे, मढीच्या कानिफनाथांमुळे, नाहीतर दुष्काळामुळे ओळखतात. पण पाथर्डीत एक परीक्षा बोर्डही आहे, हे पाथर्डीच्या पोरांनाही फारसं माहीत नसतं. आमच्याच तालुक्यात चिचोंडीला १९०० मध्ये जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने ते सुरू झालं. नाव श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड. देशभरातले साधू-साध्वी आणि संसारी माणसं या बोर्डाच्या परीक्षा देत आली आहेत. विचार करा, चातुर्मास सोडला तर जैन साध्वी सतत पायी विहार करत असतात. आज या गावात, उद्या पुढच्या. त्यांना कुठलं कॉलेज आणि कुठली पंचाहत्तर टक्के अटेंडन्स? वाटेत वाचायचं, मुक्कामी पाठ करायचं आणि परीक्षा द्यायची. याहून लवचिक काय असणार?

याच पाथर्डीतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं जातात. उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. बरोबर पोरं जातात आणि त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते. आपल्या हॉस्टेलमध्येही अशी मुलं आहेत, ज्यांचे आई-वडील हा लेख छापून येईल तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतील. त्यांच्यासाठी लवचिक शिक्षण म्हणजे चैन नाही, ती गरज आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते अशांसाठीच. २०२१ पासून तर अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सही आली. मिळवलेले क्रेडिट्स खात्यात ठेवा, शिक्षण थांबलं तरी पुन्हा येऊन पुढे सुरू करा. तेव्हा 'लवचिक' हा शब्द आपल्याकडे आहे, आणि तो अजून वाढायला हवा याबद्दल वाद नाही.

पण एक लक्षात घ्या. पाथर्डीच्या बोर्डात कधी आणि कुठे वाचायचं हे तुम्ही ठरवता. काय वाचायचं ते बोर्ड ठरवतं. मुक्त विद्यापीठातही तसंच. पेपर काढणारा दुसराच कुणीतरी असतो. 'सेल्फ-डायरेक्टेड'मध्ये नेमकं हेच उलटं होतं. तिथे पेपर काढणारे तुम्ही, सोडवणारेही तुम्ही. तपासणारा समोर बसून एवढंच विचारतो, "हाच प्रश्न का?"

आता हृदयावर हात ठेवून सांगा, आपण जन्मात एक तरी प्रश्न स्वतः काढलाय का?

आपली तयारी कशी होते, ते मी नव्याने सांगायला नको. गेल्या पाच वर्षांचे पेपर घ्यायचे, रिपीट झालेल्या प्रश्नांवर टिकमार्क करायचे, लोकल ऑथरचं पुस्तक आणायचं आणि शेवटच्या चार रात्री चहावर काढायच्या. हे मीही करते. त्यात लाज नाही, कारण व्यवस्थाच तशी आहे. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं काय? चार वर्षांत विद्यापीठ एकदाच म्हणतं, की बाबांनो, आता तुमचा प्रश्न तुम्ही निवडा. आणि तेव्हा आपण काय करतो? सीनियरची जुनी फाइल शोधतो. ज्याच्या खिशात जास्त पैसे, तो तयार प्रोजेक्ट विकत आणतो. मॉडेल, रिपोर्ट आणि व्हायवाची प्रश्नोत्तरं, सगळं एका पिशवीत! हे कुठल्या एका कॉलेजात घडतं असं नाही, आणि मी कुणाचं नाव घेत नाही. पण ज्याने बी.ई.चा प्रोजेक्ट विकत आणला, तो सेल्फ-डायरेक्टेड मास्टर्सला जाऊन काय करणार? तिथे तर सबंध डिग्रीच एक प्रोजेक्ट आहे.

मी हे उपदेश म्हणून लिहीत नाहीये. तोंडावर आपटल्यावर लिहितेय. गेल्या वर्षी हौसेने मी अर्जाची तयारी करायला बसले. पोर्टफोलिओ हवा होता आणि तुम्हाला काय शोधायचंय याचं निवेदन हवं होतं. मी दोन रात्री कोऱ्या कागदापुढे बसले. पहिल्या रात्री लिहिलं, "आय अॅम पॅशनेट अबाउट निटिंग." दुसऱ्या रात्री तेही खोडलं. कॉन्व्हेंटमधल्या सगळ्या इंग्रजीचा उपयोग शून्य झाला. भाषा होती, प्रश्न नव्हता!

प्रश्न मिळाला तो मढीला. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे कानिफनाथांची यात्रा भरते. गाढवांचा बाजार भरतो तो त्याच यात्रेत. सुट्टीत घरच्यांबरोबर गेले होते. एक आजोबा घोंगड्या विकायला बसले होते. शेजारी हाताने कातलेल्या काळ्या लोकरीचा एक गुंडा होता. मी विचारलं, "बाबा, हे नुसतं सूत द्याल का?"

"काय करतीस गं त्याचं?"

"सुयांवर विणून बघते."

आजोबा हसले. "पोरी, हे मागावरच गप बसतं. सुयांवर नाय बसायचं. बघ प्रयत्न करून."

आणि खरंच नाही बसलं! हॉस्टेलवर येऊन जिन्यावर बसले ती याच लोकरीशी झटापट करत. धागा सुईवरून वळायलाच तयार नव्हता. जिथे पीळ कमी, तिथे तुटायचा. जिथे जास्त, तिथे स्वतःभोवतीच गुंडाळायचा. संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा तुकडा झाला. मी तो गळ्याला लावून बघितला आणि पाच मिनिटांत मान लाल. रूममेट म्हणाली, "छान. आता याचं स्क्रबर म्हणून पेटंट घे."

मग मी डोकं चालवायला लागले. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. ज्या मेरिनो लोकरीचे मऊ स्वेटर होतात तिचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या आसपास. दख्खनीचा सरासरी तंतू त्याच्या दुपटीहून जाड. आता एसओएम आठवा. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताबरोबर वाढतो. व्यास दुप्पट केला की विरोध सोळापट! हे सूत्र मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण ते मला कळलं त्या जिन्यावर. मागावर धाग्याला फार वळावं लागत नाही. सुयांवर मात्र प्रत्येक टाक्यात त्याला जवळजवळ उलटं फिरावं लागतं. आणि अंगाला टोचण्याचंही तेच कारण. साधारण तीस मायक्रॉनहून जाड तंतूचं टोक कातडीवर दाबलं गेलं की तो वाकायच्या आधी टोचतो. शिवाय घोंगडीच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात. मागाला तो ताठपणा हवा असतो, सुयांना तोच नको असतो. आजोबांनी एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला मला सेकंड इयर लागलं.

म्हणजे दख्खनी लोकर निरुपयोगी का? इथेच माझा प्रश्न उलटा फिरला. "हिचा स्वेटर कसा करायचा" हा प्रश्नच चूक होता. बरोबर प्रश्न असा, की जी लोकर वाकत नाही आणि टोचते, पण ऊब धरते आणि पाऊसही बराच वेळ अंगावर घेते, तिला फासांच्या रचनेत बसवायचं असेल तर कुठलं वस्त्र हवं? जे थेट कातडीला लागत नाही असं जॅकेट? आत सुती धागा आणि बाहेर लोकर असं दुहेरी विणकाम? मोठ्या सुयांवर सैल विणून मग गरम पाण्यात आटवलेलं कापड? मला उत्तर माहीत नाही. पण गेल्या वर्षीचा कोरा कागद आता कोरा नाही.

आणि हा प्रश्न नुसता माझ्या हौसेचाही नाही. लोकरीला इतका कमी भाव मिळतो की कातरणीचा खर्चही सुटत नाही. अनेक ठिकाणी मेंढपाळ कातरलेली लोकर तशीच टाकून देतात. खूप जण मांसासाठी माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या मेंढ्या पाळू लागलेत. दुसरीकडे आपला देश स्वेटरसाठी ऑस्ट्रेलियातून मेरिनो मागवतो. दख्खनी लोकरीवर 'देसी ऊन' नावाचा एक छोटा ॲनिमेशनपट झाला आणि त्याला २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ॲनेसीच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. (हिंदीत ऊन म्हणजे लोकर बरं का. पाथर्डीत ऊन म्हणजे ऊनच, आणि ते मुबलक आहे!) फ्रान्सने दखल घेतली, आणि आपल्या मेसच्या खिडकीतून दिसणाऱ्या मेंढ्यांकडे आपण ट्रॅफिक जॅम म्हणून बघतो. आपल्या जिल्ह्याला आता जिचं नाव आहे, त्या अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले. आपण निदान रस्त्यातल्या मेंढ्यांना हॉर्न मारणं तरी कमी करू या.

आता विरोधी बाजू. ती मांडली नाही तर सर म्हणतील की एकतर्फी लिहिलंय.

पहिला आक्षेप पैशांचा. सेल्फ-डायरेक्टेड वगैरे श्रीमंतांचे चोचले आहेत, असं माझे काका म्हणतात. "स्वतःला शोधायला लंडनला जायची गरज काय, पाथर्डीत हरवलीस का?" (नॉटिंगहॅम लंडनपासून लांब आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.) विनोद सोडला तर काकांचं म्हणणं खोटं नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. आमच्याकडे तारण म्हणजे जमीन, आणि पाथर्डीची जमीन म्हणजे पावसाची मर्जी. सरकारी शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट आहे. एखादं विद्यापीठ एकूण क्रमवारीत मागे असेल पण विणकामात पुढे असेल, तर ते या चाळणीत अडकतं. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण प्रश्न काढायला व्हिसा लागत नाही. आणि वाटा इथेही आहेत. निफ्टच्या मुंबई केंद्रात, म्हणजे खारघरला, निटवेअर डिझाइनची पदवी शिकवतात. निफ्टचं एम.डेस. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुलं आहे, आणि बी.ई.-बी.टेक.वाल्यांना एम.एफ.टेक. करता येतं. इचलकरंजीच्या डीकेटीईत टेक्स्टाइल इंजिनिअरिंग आहे. नोकरी करत शिकायचं तर सुती निटवेअरसाठी तिरुपूर आणि लोकरीच्या मालासाठी लुधियाना आहे. नॉटिंगहॅम हे शेवटचं स्टेशन असू शकतं, पण गाडी तिथूनच सुटते असं नाही.

दुसरा आक्षेप, इंजिनिअरने कपड्यांत कशाला पडायचं? याला उत्तर आपल्या नगरमध्येच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी हातमागात सुधारणा करून नवा माग तयार केला. तो 'चर्चिल लूम' म्हणून ओळखला गेला. त्यांना तो प्रश्न कुठल्या प्रश्नपत्रिकेत आलेला नव्हता. आजूबाजूचे विणकर बघून त्यांनी तो काढला.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. एकटेपणाचा. सिलॅबस ही एक प्रकारची सोबत असते. सगळे एकाच युनिटवर अडकलेले असतात, सगळ्यांचा एकच शत्रू असतो. स्वतःच्या प्रश्नावर अडकलं की शेजारी कुणी नसतं. आपण बरोबर चाललोय की वर्ष वाया घालवतोय, हे सांगायला उत्तरपत्रिका नसते. त्या तळहाताएवढ्या तुकड्याकडे बघून मलाही वाटलं होतं, की द्यावं सोडून आणि ऍप्टीची तयारी करावी. म्हणून मी म्हणते, की अशी डिग्री घ्यायच्या आधी माणसाने एक छोटा प्रश्न स्वतः काढून, त्यात अडकून आणि थोडा तरी सोडवून बघावा. झेपलं तर पुढे जावं. नाही झेपलं तर ठरलेल्या सिलॅबसचं एम.टेक. करावं. त्यातही कमीपणा काही नाही.

तेव्हा आदरणीय शिक्षकांना एक नम्र विनंती. प्रोजेक्टचा विषय शेवटच्या वर्षी घाईघाईत मागू नका. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या. आपल्या गावातला, घरातला, शेतातला एक प्रश्न, जो अजून कुठल्याच पुस्तकाच्या मागे छापलेला नाही. त्या पानाला मार्क नकोत. फक्त एकदा समोर बसवून विचारा, "हाच प्रश्न का?" कुणी पाणी म्हणेल, कुणी उसाचा कोयता म्हणेल, कुणी कांद्याची चाळ म्हणेल. प्रोजेक्ट विकणाऱ्यांचा धंदा निम्मा तिथेच बसेल.

माझं ठरलंय ते सांगते. यंदा कुठेही अर्ज करणार नाही. नगरला शाळेचे स्वेटर विणून देणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे हाताने ओढायचं विणकाम-मशीन आहे. रविवारी त्यांनी मला त्यावर बसू द्यायचं कबूल केलंय, अट एवढीच, की सुई मोडली तर माझ्या खिशातून. आतापर्यंत सात मोडल्यात. फायनल इयरचा प्रोजेक्ट मी यावरच मागणार आहे. मिळाला तर उत्तम. वर्षभराने त्या निवेदनाच्या कागदावर लिहायला मोडलेल्या सुयांचा हिशोब तरी असेल. मग ते खारघरला पाठवायचं की नॉटिंगहॅमला, हे घरच्यांशी आणि बँकेशी बोलून ठरवता येईल.

आणि हो, हॉस्टेलमधल्या मित्रमैत्रिणींनो, जिन्यावर बसलेली दिसले तर हसा, माझी हरकत नाही. पण हसून झाल्यावर दोन मिनिटं शेजारी बसा आणि तुमचा प्रश्न कुठला ते सांगा. नसेल तर लोकरीचा गुंडा धरायला तरी मदत करा. फार गुंता होतो हो!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी